पेंटिंग शिकता शिकता कोडिंग आवडायला लागलं, आता पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा: मुंबईत बीएफएच्या (ललित कलेच्या पदवीच्या) तिसऱ्या वर्षाला पेंटिंग शिकते. ओपन इलेक्टिव्हचे क्रेडिट भरायचे होते, बाकीचे विषय भरले होते, म्हणून नाइलाजाने 'क्रिएटिव्ह कोडिंग', म्हणजे कोड लिहून चित्रं काढण्याचा विषय, घेतलं आणि त्याची गोडीच लागली. आता इंटरॅक्शन डिझाइनकडे, म्हणजे माणसं स्क्रीन आणि यंत्रं कशी वापरतील ते घडवण्याच्या कामाकडे, जावंसं वाटतं. पण दहावीला गणितात जेमतेम सुटले. सर म्हणतात, हात बिघडेल. बाबा म्हणतात, मग पेंटिंग सोड आणि नीट कोडिंगच कर. काय करू?

माझं मत आधीच सांगून टाकते. चित्रकाराला कोड जवळचं असतं, लांबचं असतं ते डिझाइन. तू, तुझे सर आणि तुझे बाबा, तिघंही कोडिंग हीच मोठी उडी धरून चालला आहात. मला काळजी वाटते ती त्याच्या पुढच्या पायरीची. मी स्वतः मुंबईतच पेंटिंग शिकले, मग डिझाइनला गेले, तिथे प्रोग्रामिंग अंगावर आलं म्हणून शिकले. आता बरीच वर्षं या दोन्हींवर माझं घर चालतं आणि शिकवतेही. तुझ्यासारखी मुलं सतत भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गणिताचा विषय आधी संपवू. चित्रं काढायला आणि हलवायला जे गणित लागतं ते दहावीच्या भूमितीपलीकडे फारसं जात नाही. आलेखाच्या कागदावर बिंदू मांडता येणं, कोन मोजता येणं, साइन आणि कोसाइन काय करतात याची डोळ्याला ओळख असणं, एवढं पुरतं. एखादा आकार सावकाश मोठा होऊन परत लहान व्हायला हवा असेल तर साइन. ठिपके वर्तुळात मांडायचे असतील तर साइन आणि कोसाइन दोन्ही. प्रत्येक तिसरा ठिपका लाल हवा असेल तर ठिपक्याच्या क्रमांकाला तिनाने भागायचं आणि बाकी शून्य उरते का ते बघायचं. शाळेत याच गोष्टी तुला कोरड्या वाटल्या असतील, कारण त्यांचं उत्तर म्हणजे वहीतला एक आकडा असायचा. इथे उत्तर दिसतं. चुकलं तरी दिसतं, आणि चुकलेलं कधी कधी बरोबरपेक्षा देखणं असतं. पेंटिंगच्या मुलांना हे गणित जमत नाही असं मी पाहिलेलं नाही. एकच गोष्ट सुरुवातीला सगळ्यांना गोंधळात टाकते: शाळेच्या आलेखात वाय वर जाताना वाढतो, स्क्रीनवर तो खाली येताना वाढतो आणि शून्य डाव्या वरच्या कोपऱ्यात असतं. आठवडाभरात हाताला सवय होते.

खरा बदल वेगळाच आहे. आजवर तू चित्र काढत आलीस. कोडमध्ये चित्र कसं काढायचं त्याचा नियम लिहायचा असतो. हे एकदा पक्कं बसलं की बाकीचं भराभर येतं, म्हणून यावर थोडं थांबते.

मी पहिला अभ्यास ठिपक्यांच्या रांगोळीचा देते. दिवाळीच्या आधी मिळणाऱ्या रांगोळीच्या पुस्तकांत 'पंधरा ते आठ' असं लिहिलेलं असतं. मधल्या ओळीत १५ ठिपके, वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी होत शेवटी ८. आई-आजी ते गेरूवर न मोजता टाकतात. आता हे संगणकाला सांगायचं तर काय सांगशील? मधल्या ओळीचा क्रमांक शून्य धर. वर सात ओळी, खाली सात ओळी. ओळ मधल्या ओळीपासून जितकी दूर, तितके ठिपके पंधरातून वजा. आणि प्रत्येक ओळ तितकेच अर्धे घर उजवीकडे सरकलेली, कारण ठिपका वरच्या दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेत पडतो. ओळींमधलं अंतर ठिपक्यांमधल्या अंतराच्या ०.८६६ पट ठेवलं की शेजारचे तीन ठिपके समभुज त्रिकोणात बसतात. आजीचा हात हे अंतर अचूक घ्यायचा, तिला आकडा माहीत नव्हता इतकंच. दोन लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या सूचना), एक आत एक, आणि स्क्रीनवर १६९ ठिपके उभे राहतात.

इथपर्यंत हाताने काढण्यापेक्षा वेगळं काही झालं नाही. आता पंधराच्या जागी एकवीस लिही. मग ठिपक्याचा आकार मध्यापासूनच्या अंतरावर अवलंबून ठेव. मग प्रत्येक ठिपक्याला जागेवरून थोडं ढळू दे आणि किती ढळायचं ते माउस कुठे आहे त्यावर ठरव. दहा मिनिटांत तुझ्यासमोर शंभर रांगोळ्या असतात आणि त्यातल्या पंचाण्णव टाकाऊ असतात. उरलेल्या पाच कोणत्या, हे ओळखायला जो डोळा लागतो तो तुझ्याकडे आहे. तीन वर्षं स्टिल लाइफ, पोर्ट्रेट आणि आउटडोअर करून तो कमावलेला आहे. माझ्याकडे इंजिनिअरिंगची मुलंही येतात. लूप ती पटकन लिहितात, पण शंभरांतल्या पाच निवडताना अडतात, कारण चित्र कुठे जड झालं, कुठे मोकळं राहिलं, हे बघायची सवय कुणी लावलेली नसते. या वर्गात मागे पडशील असं तुला वाटतं, पण अर्धी वाट तू आधीच चालून आली आहेस.

जाता जाता एक सांगते, कारण मुलांना याने फार धीर येतो. जावास्क्रिप्ट या तुझ्या वर्गातल्या कोडच्या भाषेत व्हेरिएबलला, म्हणजे आकडा ठेवायच्या डबीला, 'ठिपके' किंवा 'अंतर' असं देवनागरीत नाव दिलं तरी प्रोग्राम व्यवस्थित चालतो. आकडे आणि भाषेचे मूळ शब्द मात्र इंग्रजीतच लिहावे लागतात. चार लोकांबरोबर काम करताना नावं इंग्रजीत ठेवावी लागतील, पण शिकताना आपल्या भाषेत ठेवली तर डोकं अर्ध्या ओझ्यातून मोकळं होतं.

तू वर्गात वापरतेस ती पी-फाइव्ह ही लायब्ररी (तयार कोडचा संच) कुठून आली हेही माहीत असू दे. २००१ मध्ये केसी रियास आणि बेन फ्राय या एमआयटीच्या दोन विद्यार्थ्यांनी प्रोसेसिंग नावाचं साधन सुरू केलं, ते मुळात कलाकार आणि डिझाइनर यांना प्रोग्रामिंग शिकता यावं म्हणून. लॉरेन मॅकार्थी यांनी २०१३ मध्ये तेच ब्राउझरमध्ये आणलं, ते पी-फाइव्ह. म्हणजे तू कुणाच्या घरात चोरपावलांनी शिरलेली नाहीस. हे दार तुझ्यासाठीच केलेलं आहे.

आता 'हात बिघडेल' या भीतीचं. सर चुकीचं बोलत नाहीत. ज्यांनी स्केचबुक बंद केलं त्यांचा हात बिघडलेला मी पाहिला आहे. पण तो कोडमुळे बिघडला नाही, बंद केल्यामुळे बिघडला. उलट, कोड हाताकडे नव्याने बघायला लावतं. एक प्रयोग कर. पेन्सिलने एक मोकळी आडवी रेघ ओढ. मग तशीच रेघ कोडमध्ये काढायचा प्रयत्न कर. सरळ रेघ मेलेली दिसेल. मग तू 'रँडम' वापरशील आणि ती करवतीच्या पात्यासारखी दातेरी होईल, कारण रँडम प्रत्येक बिंदूला आधीच्या बिंदूशी काहीही संबंध नसलेला आकडा देतो. मग कुणीतरी 'नॉइज' दाखवेल. तो प्रत्येक वेळी मागच्या आकड्याच्या जवळपासचाच आकडा देतो आणि अचानक रेघेत जीव येतो. हे केन पर्लिन यांचं काम. १९८०च्या दशकात चित्रपटांसाठी संगणकावर तयार केलेली दृश्यं त्यांना फार यांत्रिक वाटत होती, त्यातून त्यांनी ही पद्धत काढली आणि १९९७ मध्ये त्यासाठी त्यांना ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. आता परत तुझ्या पेन्सिलच्या रेघेकडे बघ. ती कशामुळे जिवंत आहे, याचं उत्तर तुला पहिल्यांदाच शब्दांत सांगता येईल: थरथर आहे, पण प्रत्येक थरथरीला मागच्या क्षणाची आठवण आहे. ड्रॉइंग मी बरीच वर्षं करत होते, पण हे मला ड्रॉइंगच्या वर्गात उमगलं नव्हतं.

रँडम वापरत असशील तर 'सीड', म्हणजे रँडमची सुरुवात ज्या आकड्यापासून होते तो, ही गोष्ट आत्ताच शिकून घे. सीडचा आकडा ठरवून दिला की तेच चित्र पुन्हा जसंच्या तसं येतं. नाही दिला तर रात्री आवडलेलं चित्र सकाळी सापडत नाही. प्रिंटमेकिंगमध्ये एडिशनचा नंबर घालतो तशी सीड नोंदवायची सवय लाव.

कागदावर परत यायचं असेल तर मुंबईत त्याची फार चांगली सोय आहे आणि ती कुणी वापरत नाही. गाड्यांच्या नंबरप्लेटची, दुकानांच्या काचांची रेडियम कटिंग करणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत. त्यांच्याकडचं यंत्र म्हणजे प्लॉटर. त्यात पात्याच्या जागी पेन बसवता येतं. तुझ्या प्रोग्राममधून एसव्हीजी (रेघा रेघा म्हणूनच साठवणारी) फाइल काढ, दुकानदाराच्या कोरल ड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये ती उघडते, आणि दुकानदार दुपारच्या रिकाम्या वेळात तुझ्या हातकागदावर रेघा ओढून देईल. कागद जाड असेल तर आधी विचार, आणि पेन टेकतं तिथे शाईचा ठिपका पडतो, तेव्हा रेघा कुठे सुरू होतात याचा विचार कोडमध्येच करावा लागतो. नंतर त्यावर तू जलरंगाने काम कर. पहिला प्लॉट सरांना नेऊन दाखव. 'कोडिंग करते' हे ऐकून त्यांच्या डोळ्यांसमोर जे येतं त्यापेक्षा ते फार वेगळं असेल.

ही वाट नवीनही नाही. हॅरॉल्ड कोहेन हे इंग्लंडचे नावाजलेले चित्रकार. १९६६ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात ते ब्रिटनकडून होते. १९६८ मध्ये, वयाच्या चाळिशीत, ते कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या विद्यापीठात शिकवायला गेले आणि तिथे संगीत विभागातल्या जेफ रास्किन या विद्यार्थ्याकडून प्रोग्रामिंगकडे वळले. त्यातून 'आरॉन' हा चित्रं काढणारा प्रोग्राम उभा राहिला, आणि त्यावर ते २०१६ साली मृत्यू येईपर्यंत काम करत होते. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. बरीच वर्षं आरॉन फक्त रेघा काढायचा आणि रंग कोहेन स्वतः हाताने भरायचे. रंगाचे उत्तम जाणकार असूनही रंगाचा नियम लिहायला त्यांना सर्वांत जास्त वेळ लागला. आपल्याला जे सहज येतं तेच नियमात मांडणं सगळ्यात अवघड, आणि ते मांडताना आपण आपलं काम नव्याने शिकतो.

व्हेरा मोल्नार दुसऱ्या. बुडापेस्टमध्ये जन्म, आयुष्य पॅरिसमध्ये. संगणक हाती येण्याच्या कितीतरी आधी त्या स्वतःला नियम घालून, जणू यंत्रच आहोत अशा शिस्तीने हाताने चित्रं काढत होत्या. १९६८ मध्ये संगणक मिळाला तेव्हा त्यांना कोड नवं होतं, विचार जुनाच होता. एकात एक चौकोन, आणि त्यात जरासा, अगदी एक टक्का बिघाड, एवढ्यावर त्यांनी किती काळ काम केलं ते बघ. डिसेंबर २०२३ मध्ये गेल्या तेव्हा शंभरीला महिनाही उरला नव्हता. तू त्यांची चित्रं शोधून बघ आणि एक चित्र स्वतः कोडमध्ये उतरव. नक्कल म्हणून नव्हे, नियम ओळखण्यासाठी.

इथवर कोड झालं. आता डिझाइन, आणि हे नीट वाच, कारण तू निर्णय घेते आहेस तो याबद्दलचा आहे.

पेंटिंगच्या ज्यूरीत, म्हणजे शिक्षक काम तपासतात तेव्हा, विचारतात, 'तुला यातून काय म्हणायचंय?' बघणाऱ्याला वेगळंच काही जाणवलं तर ते चित्राचं वैभव मानतो. डिझाइनच्या ज्यूरीत विचारतात, 'कुणासाठी? त्यांना कळलं का? कसं तपासलंस?' समोरच्या मावशींनी भलतंच बटण दाबलं तर तिथे बदलायचं असतं तुझं काम. हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात, आठवडाभर जागून केलेला स्क्रीन एका माणसाला वापरायला द्यायचा, तो अडखळताना गप्प बसून बघायचं, मधे बोलायचं नाही, 'अहो, इथे दाबा' असं सुचवायचं नाही, हे चित्रकाराला फार जड जातं. कोडमध्ये तू अजूनही तुझ्या चित्राची मालकीण असतेस. डिझाइनमध्ये ती मालकी सोडावी लागते. माझे काही गुणी विद्यार्थी इथे थांबले आणि परत स्टुडिओत गेले. ते चुकले असं मला मुळीच वाटत नाही. कोड घेऊन चित्रकार राहणं हा पूर्ण आणि सन्मानाचा मार्ग आहे. तो तुझ्या बाबांना ठाऊक नाही म्हणून तुझ्या यादीत नसेल, तर आधी यादीत घाल.

डिझाइन तुला मानवेल का हे बघायला कोर्सची फी भरायची गरज नाही. दादर स्टेशनला जा, तिकिटाच्या एटीव्हीएम यंत्रांपाशी दोन तास उभी राहा. गर्दीच्या वेळी नको, साधारण दुपारी. स्केचबुक घेऊन. कोण थेट यंत्राकडे जातं, कोण शेजारी तिकीट काढून देणाऱ्या मदतनीसाच्या मागे रांग लावतं? बोट कुठे घुटमळतं? एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात मूल असलेली बाई पाकीट कधी काढते, स्क्रीनला हात लावण्याच्या आधी की नंतर? वयस्कर माणूस स्क्रीन वाचायला मान किती वाकवतो? हे सगळं चित्रात टिप, बाजूला दोन शब्द लिही. इतर शाखांची मुलं असल्या नोंदी वाक्यांत करतात आणि त्यात शरीर हरवतं. तू वाकलेली मान चार रेघांत पकडू शकतेस, आणि त्या चार रेघा बघून यंत्राची उंची, अक्षराचा आकार, बटणाची जागा यांवर खोलीतल्या सगळ्यांना बोलता येतं. त्या दोन तासांनी तुला हुरूप आला, लोकांबद्दल आणखी जाणून घ्यावंसं वाटलं, तर डिझाइन तुझं आहे. कंटाळा आला आणि कडेच्या फुलवाल्यांचं स्केच करावंसं वाटलं, तर तेही उत्तरच आहे.

एक कामाचं क्षेत्र मात्र मी तुला मुद्दाम दाखवणार आहे, कारण तिथे चित्रकाराचा हात, कोड आणि डिझाइन तिन्ही एकत्र लागतात आणि माणसं फार कमी आहेत: स्क्रीनवरची देवनागरी. बहुतेक ॲप आधी इंग्रजीत तयार होतात आणि बटणाची उंची इंग्रजी अक्षरावर ठरते. देवनागरीला वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असे आणखी थर लागतात. उंची कमी पडली की 'बंद' वरचा अनुस्वार कापला जाऊन 'बद' उरतं, 'पुढे' चा उकार जाऊन 'पढे' होतं. 'सुरू' मध्ये गंमत बघ: स चा उकार खाली असतो, तो कापला जातो, पण र चा उकार कडेला लागतो, तो वाचतो, म्हणून 'सरू' दिसतं. कॅलिग्राफी केलेल्या मुलीला हे एका नजरेत दिसतं. कोड येणाऱ्या मुलीला ते कुठल्या ओळीत सुधारायचं हे कळतं. दोन्ही येणारी मुलगी टीममध्ये असली की हे बाहेर जाण्याआधीच थांबतं.

त्याच्याही आत शिर. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळे. पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये नमूद केलं आणि फाँटमध्ये सोय असली, तर मराठी वळण आपोआप येतं. ती एक छोटी सूचना लिहायला लोक विसरतात आणि आपण शाळेत गिरवलेलं अक्षर स्क्रीनवर दिसत नाही. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतला र वेगळा दाखवता आला पाहिजे, नाहीतर डोंगरातलं समुद्रात जातं. ही कामं बारीक आहेत, पण रोज लाखो लोक वाचतात ते हेच.

या कामाची परंपरा तर आपल्याच शहरात आहे. र. कृ. जोशी जे. जे. मध्ये शिकले, जाहिरातींत काम केलं, कॅलिग्राफी केली, कविता केल्या, पवईला आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन शाळेत शिकवलं, आणि पुढे विंडोजबरोबर घरोघर पोहोचलेला 'मंगल' हा देवनागरी फाँट त्यांनी केला. २००८ मध्ये ते गेले. तुझ्या आजोबांच्या सरकारी कामाची कागदपत्रं कदाचित त्याच अक्षरात छापलेली असतील. आज मुंबईतच 'एक टाइप' ची मंडळी मुक्त, बलू, मोदक असे फाँट करून खुले ठेवतात. मोदक डाउनलोड कर आणि त्यातला जाडजूड 'क्ष' मोठा करून बघ. आतली पांढरी जागा किती थोडी आहे आणि तरी अक्षर कसं वाचता येतं, यावर एक अख्खी दुपार जाते.

कोड न लिहिताही चित्रकार इथे येऊ शकतो, हेही खरं. सुझन केअर यांची ललित कलेतली डॉक्टरेट. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या ॲपलमध्ये गेल्या आणि मॅकिंटॉशची चिन्हं त्यांनी आलेखाच्या वहीत काढली, एका चिन्हाला ३२ बाय ३२ घरं. (मॅकिंटॉशचा प्रकल्प ॲपलमध्ये सुरू करणारा माणूस म्हणजे वर आलेला तोच जेफ रास्किन.) तेव्हा कोडची भीती कायम राहिली तरी दार बंद होत नाही. पण तुला गोडी लागली आहे म्हणतेस, तर ती दाबू नकोस.

प्रवेशाचं लवकर सांगते. पवईची आयडीसी १९६९ मध्ये सुरू झाली. एमडेसमध्ये (डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीत) तिथे इंटरॅक्शन डिझाइन आणि कम्युनिकेशन डिझाइन दोन्ही आहेत. त्यासाठी सीईईडी ही प्रवेश परीक्षा (तिलाही 'सीड' म्हणतात, पण वरच्या रँडमच्या सीडशी संबंध नाही), जानेवारीत असते. त्यात गणिताचा पेपर नाही. एक भाग संगणकावर, दुसऱ्यात स्केचिंग आणि कल्पना मांडणं, म्हणजे तुझा हात तिथेही लागतोच. वयाची अट नाही, कितीदाही देता येते. बीएफए पूर्ण कर आणि शेवटच्या वर्षात परीक्षेला बस. पदवी अर्धी सोडू नकोस, बाबा काहीही म्हणोत. तीन महिन्यांच्या यूएक्स (ॲप वापरणाऱ्याचा अनुभव घडवण्याच्या) कोर्सला आत्ता पैसे घालू नकोस. त्यातून बाहेर पडणाऱ्या पोर्टफोलिओंत तोच जेवण मागवायचा ॲप, तेच रंग, तेच 'युजर' दिसतात आणि निवडणाऱ्याचे डोळे थकलेले असतात. रांगोळीच्या प्रोग्रामच्या पायऱ्या, रेडियमवाल्याकडचे प्लॉट, दादरची स्केचेस आणि त्यावरून सुचलेला एक बदल, कापलेल्या उकारांचा संग्रह आणि त्यावरचा उपाय: एवढं सचोटीने मांडलंस तरी मी तुला मुलाखतीला बोलावेन. कच्चं काम काढून टाकू नकोस. तू विचार कसा करतेस हे त्यातूनच दिसतं.

एआयबद्दल तू विचारलं नाहीस, पण बाबा विचारतील. कोड आता यंत्रच लिहून देतं, मग शिकायचं कशाला? लिहून देतं हे खरं आहे आणि मीही रोज मदत घेते. पण नियम तुझा असायला हवा. आरॉनमधला प्रत्येक नियम कोहेन यांनी स्वतः लिहिलेला होता. आजची चित्रं देणारी यंत्रं असंख्य लोकांच्या चित्रांवर शिकवलेली आहेत. त्यांच्याकडून काय मागायचं आणि आलेल्यातलं काय टाकायचं, हे ठरवायला स्वतःचा नियम आणि स्वतःचा डोळा दोन्ही लागतात. म्हणून पहिलं वर्षभर रांगोळीसारखे अभ्यास स्वतः टाइप करून कर. एरर आली, कन्सोलमध्ये (चुका दाखवणाऱ्या चौकटीत) लाल ओळ दिसली, की ती आधी पूर्ण वाच, त्यातला ओळीचा क्रमांक बघ, तिथे जा. बहुतेक वेळा कंस राहिलेला असतो. ते वाचता आलं की मग खुशाल विचार.

बाबांना काय सांगायचं? पेंटिंग सोडून कोडिंग केलंस तर बीएस्सी आयटी आणि इंजिनिअरिंगच्या हजारो मुलांच्या रांगेत तू शेवटी उभी राहशील, कारण त्यांनी तीन-चार वर्षं तेच केलं आहे. पेंटिंगसकट कोडिंग केलंस तर ती रांग फार छोटी आहे. त्यांच्या भाषेत एवढं पुरेसं आहे. आणि सरांना प्लॉट दाखव, वर सांगितलं तसं.

लॅपटॉप नवा घेऊ नकोस. पी-फाइव्ह ब्राउझरमध्ये चालतं, कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या यंत्रावरही चालेल. फाँटचं काम सुरू करायला ग्लिफ्स हे सॉफ्टवेअर लागेल असं कुणी सांगेल, ते फक्त मॅकवर चालतं आणि महाग आहे. फाँटफोर्ज फुकट आहे, कुठेही चालतं, दिसायला ओबडधोबड आहे पण शिकायला पुरतं. वाचलेल्या पैशांत चांगला कागद घे. आणि ते रांगोळीचे १६९ ठिपके आले की पंधराच्या जागी सोळा घालून बघ आणि कडेच्या ओळीत किती ठिपके येतात, आठ की नऊ, ते स्क्रीनवर मोजायच्या आधी कागदावर काढ. अडलीस तर कोड आणि कागद दोन्हींचे फोटो पाठव, नुसत्या कोडचा नको.